ॲनिमोनशिवाय क्लाऊनफिशची जोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटलं की बहुतेकांची सुरुवात क्लाऊनफिशच्या जोडीपासून होते. लगेच दुसरा प्रश्न येतो, तो ॲनिमोनचा, म्हणजे क्लाऊनफिश समुद्रात ज्यात राहतो त्या खडकाला चिकटलेल्या समुद्री प्राण्याचा. इथली उत्तरं मुख्यतः ऑसेलारिस आणि पर्क्युला या दोन नारिंगी-पांढऱ्या जातींसाठी आहेत. दुकानात दोन्ही सर्रास ‘निमो’ म्हणून विकल्या जातात. मरून क्लाऊन, क्लार्की, टोमॅटो या जाती मोठ्या आणि जास्त तापट असतात. त्यांच्याबद्दल गरज पडेल तिथे वेगळं सांगितलं आहे.

ॲनिमोन नसेल तर क्लाऊनफिश जगतो का?

जगतो, आणि उत्तम जगतो. खातो, वाढतो, जोडी जमवतो, अंडीसुद्धा घालतो.

समुद्रात त्याला ॲनिमोन लागतो तो जीव वाचवण्यासाठी. क्लाऊनफिश पोहण्यात कच्चा असतो. शेपटी गोलसर, अंग डोलवत चालल्यासारखं पोहणं. उघड्यावर सापडला तर मोठा मासा त्याला गिळणारच. ॲनिमोनच्या डंख मारणाऱ्या शुंडकांमध्ये इतर मासे शिरत नाहीत, म्हणून तो तिथे राहतो. क्लाऊनफिशच्या अंगावरचा चिकट थर असा असतो की त्याला स्वतःला डंख बसत नाही. बदल्यात तो ॲनिमोन कुरतडणाऱ्या माशांना हाकलतो, आणि त्याच्या विष्ठेतून ॲनिमोनला पोषण मिळतं. तुमच्या टाकीत शिकारी मासा नसेल तर या संरक्षणाची गरजच उरत नाही.

पण निसर्गात तो कायम ॲनिमोनमध्येच दिसतो. त्याच्याशिवाय ठेवणं हा त्याच्यावर अन्याय नाही का?

हा प्रश्न विचारणारा माणूस माशाचा विचार करतो, म्हणून मला तो आवडतो.

आज चांगल्या दुकानांत मिळणारे बरेचसे ऑसेलारिस हॅचरीत, म्हणजे मासे पैदा करण्याच्या केंद्रात, जन्मलेले असतात. त्यांनी, त्यांच्या आईबापांनी, कधीकधी आजीआजोबांनीही ॲनिमोन पाहिलेला नसतो. असा मासा ॲनिमोन असलेल्या टाकीत सोडला तरी तो दिवसेंदिवस, कधी महिनोन्महिने, त्याच्याकडे फिरकत नाही. काही तर कधीच जात नाहीत. त्याला हवी असते एक हक्काची जागा, तिथला जोडीदार, आणि कालच्यासारखंच आजचं पाणी. या तीन गोष्टी मिळाल्या की मासा निवांत असतो. या तीन नसतील तर सुंदर ॲनिमोन ठेवूनही काही साधत नाही.

मग ॲनिमोन ठेवायचाच नाही का? दुकानदार तर जोडीसोबत घ्याच म्हणतो.

टाकी नवी असेल तर माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे.

ॲनिमोन हा सजावटीचा सामान नाही, तो एक स्वतंत्र प्राणी आहे, आणि त्याच्या गरजा माशापेक्षा कितीतरी अवघड आहेत. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्यावर त्याचं बरंचसं पोट चालतं, म्हणून त्याला जबरदस्त प्रकाश लागतो. टाकी निदान सहा महिने ते वर्षभर मुरलेली लागते. नव्या टाकीत पाण्याचे आकडे वरखाली होतात. मासा ते सोसतो, ॲनिमोन सोसत नाही.

त्यात तो चालतो. जागा पटली नाही की पायाची पकड सोडून काचेवरून, दगडांमधून सरकत फिरतो. रात्री वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या) जाळीत अडकून चिरला गेला तर सकाळी पाणी दुधाळ झालेलं असतं आणि टाकीतले मासेही धोक्यात येतात. मेलेला ॲनिमोन लवकर काढला नाही तर तोही पाणी नासवतो, आणि छोट्या टाकीत ते फार वेगाने होतं.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. ऑसेलारिसचे निसर्गातले यजमान ॲनिमोन तीनच: मॅग्निफिका, गिगँटिया आणि मर्टेन्सी. तिन्ही घरच्या टाकीत सांभाळायला कठीण, आणि यातले कार्पेट ॲनिमोन (गिगँटिया आणि मर्टेन्सी) तर लहान माशांना सरळ खातात. दुकानात मिळतो तो बहुतेकदा बबल टिप. निसर्गात ऑसेलारिस त्यात राहत नाही. टाकीत पुष्कळदा स्वीकारतो, पण खात्री देता येत नाही. शिवाय बबल टिप टाकीत दुभंगून वाढतो, बाकीचे बहुतेक समुद्रातून उपटून आणलेले असतात. समुद्रात ॲनिमोन कित्येक दशकं जगतो आणि एक गेला की त्या खडकावरची क्लाऊनफिशची जागाही जाते. माशाच्या सोयीसाठी असा प्राणी आणून दोन महिन्यांत मारून टाकणं मला पटत नाही.

‘बाँडेड पेअर’ म्हणून दिलेली जोडी खरंच जमलेली आहे हे कसं ओळखायचं?

दुकानात घाई करू नका. टाकीसमोर दहा-पंधरा मिनिटं उभे राहा आणि दोघांकडेच बघा.

पहिली खूण आकाराची. मादी मोठी, नर स्पष्टपणे लहान. दोघे एकाच मापाचे असतील तर ती जोडी नाही, ते एका पिशवीत घातलेले दोन मासे आहेत.

दुसरी खूण सगळ्यात भरवशाची. मोठा मासा जवळ आला की लहान मासा किंचित आडवा होतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत झटके आल्यासारखा थरथरतो. नवखा माणूस याला आजार समजतो. ही नराची शरणागती आहे, ‘तू मोठी, मी लहान’ असं सांगणं आहे. मादी त्यावर त्याला हलकेच टोचते किंवा नुसती वळून निघून जाते. त्याच वेळी कान काचेजवळ नेलात तर कधीकधी बारीक टकटक ऐकू येते. हा आवाज क्लाऊनफिश जबडा झटकन मिटून दातांवर दात आपटून काढतात. एरिक पारमँतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ही यंत्रणा उलगडून दाखवली.

तिसरी खूण रात्रीची, म्हणून ती दुकानात दिसणार नाही. जमलेली जोडी एकाच जागी, अंगाला अंग लागेल इतक्या जवळ झोपते. घरी आणल्यावर आठवडाभर रोज रात्री दिवा बंद झाल्यावर अंधूक उजेडात पाहा.

एकाच दुकानाच्या टाकीत तीस-चाळीस पिल्लं असतील आणि दुकानदार त्यातले कुठलेही दोन जाळ्याने काढून ‘जोडी’ म्हणून देत असेल, तर पैसे जोडीचे देऊ नका. पिल्लं घेणं वाईट नाही. उलट स्वस्तातला आणि चांगला मार्ग तोच आहे. फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं.

पिल्लांतून नर आणि मादी कशी निवडायची?

निवडायची नसतात. क्लाऊनफिश जन्मतः ना नर ना मादी. एक मोठं आणि एक लहान पिल्लू घ्या. मोठं वरचढ होतं आणि मादी बनतं, लहान नर बनतो. आकारात डोळ्यांना सहज दिसेल इतका फरक ठेवा, म्हणजे कोण मोठं हा वाद पहिल्या दिवशीच मिटतो.

हे लिंगबदलाचं गणित हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली समुद्रातल्या निरीक्षणांवरून मांडलं. गटात सगळ्यात मोठी मादी, तिच्याखाली एक प्रजननक्षम नर, बाकीचे नुसतेच सोबत राहणारे. मादी मेली की नर मादी होतो आणि खालच्यातला मोठा मासा नर होतो. हा बदल एकाच दिशेने होतो. मादी पुन्हा नर होत नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढे जोडीदार मेल्यावर काय करायचं ते त्यावरच ठरतं.

पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीच्या खाजणात पर्क्युलाचे गट अभ्यासले तेव्हा दिसलं की खालचा मासा आपली वाढच रोखून धरतो, म्हणजे वरच्याला तो आव्हान वाटत नाही. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. त्यामुळे ‘मादी वाढतेय आणि नर वर्षभर तेवढाच आहे, त्याला खायला मिळत नाही का’ अशी काळजी करू नका. तो खात असेल आणि पोट खपाटीला गेलेलं नसेल तर सगळं ठीक आहे.

मादी नराला मारते. वेगळं करू का?

आधी किती मारते ते बघा. पाठलाग, टोचणं, जेवताना हुसकावणं हे पहिल्या काही आठवड्यांत चालायचंच. नर थरथरून शरण जात असेल आणि पुन्हा तिच्याजवळ येत असेल तर हात घालू नका. प्रत्येक वेळी वेगळं करून परत सोडलं की वाद नव्याने सुरू होतो.

नराचे पंख फाटत असतील, तो वरच्या कोपऱ्यात एकटाच दबून राहत असेल, खायला येत नसेल, किंवा दोघे जबड्यात जबडा अडकवून गोल फिरत असतील, तर त्याच दिवशी वेगळं करा. छिद्रांचा पारदर्शक डबा टाकीतच टांगून त्यात *मोठ्या* माशाला ठेवा. लहान मासा मोकळा फिरतो, जागा ओळखीची करून घेतो, दोघांना एकमेक दिसतात. आठ-दहा दिवसांनी सोडून बघा. तरीही तेच चाललं तर ती जोडी जमणार नाही, मासा बदलून घ्या.

मरून क्लाऊनच्या बाबतीत इतकी वाट बघू नका. ती मादी नराला खरोखर मारून टाकते.

तीन ठेवले तर?

नको. दोघांची जोडी जमते आणि तिसऱ्याचा छळ होतो. समुद्रात तिसऱ्याला ॲनिमोनच्या कडेला राहता येतं, दोन फुटी टाकीत त्याला पळायला जागा नसते.

टाकी केवढी लागते?

जोडीसाठी ७५ ते ८० लिटर ही खालची मर्यादा धरा. २४ × १२ × १८ इंचाची टाकी साधारण ८५ लिटर भरते, तिच्यात दगड-वाळू गेली की पाणी त्याहून कमी. जागा आणि पैसे असतील तर २४ × १८ × १८ घ्या, ती जवळपास १२७ लिटरची होते. माशाला इतकं पोहायचं नसतं, पण पाणी जास्त असलं की आकडे हळू बदलतात, आणि नवशिक्याला तेवढा वेळ मिळणं महत्त्वाचं आहे.

ॲनिमोन नसल्याचा मोठा फायदा इथे होतो. महागडे प्रखर दिवे लागत नाहीत. साधा एलईडी दिवसाला आठ-दहा तास पुरे. प्रवाहही मध्यम ठेवा, जोडी ज्या कोपऱ्यात राहते तिथे वेव्हमेकरचा झोत थेट मारू नका.

मासे आणण्याआधी टाकीचं सायकलिंग, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टाकीत वाढण्याची प्रक्रिया, पूर्ण झालेलं हवं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. हे न करता आणलेली जोडी पहिल्याच पंधरवड्यात जाते आणि दोष ॲनिमोन नसण्यावर टाकला जातो.

पाण्याचे आकडे काय ठेवायचे?

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारता (विशिष्ट गुरुत्वाच्या मापात) १.०२५ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया-नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत. दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काट्याचे स्वस्त प्लास्टिक हायड्रोमीटर भलताच आकडा दाखवतात.

आम्ही समुद्राजवळच राहतो. तिथलं पाणी आणलं तर?

जुहू, गिरगाव, वसई, मालवण, कुठलंही किनाऱ्यालगतचं पाणी नको. शहराजवळ सांडपाणी मिसळतं, खाडीच्या तोंडाशी गाळ असतो, आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी आल्याने क्षारता पार उतरते. जूनमध्ये आणलेलं आणि फेब्रुवारीत आणलेलं पाणी एकसारखं नसतं. रोगजंतू येतात ते वेगळेच. मत्स्यालयासाठी मिळणारं सिंथेटिक सी सॉल्ट वापरा. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, नेमकं पाकिटावर बघून आणि रिफ्रॅक्टोमीटरने पडताळून. स्वयंपाकाचं मीठ किंवा जाडं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे बाकीचे क्षार हवे त्या प्रमाणात नसतात.

मीठ मिसळायला आरओ-डीआयचं, म्हणजे विरघळलेले क्षार जवळपास पूर्ण काढून टाकलेलं, पाणी हवं. घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी घ्यायच्या आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) लावून बघा. चव यावी म्हणून बहुतेक यंत्रांत थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळतात, म्हणून आकडा ५०, ८०, १०० असा येतो. आपल्याला तो शून्याच्या जवळ हवा. बोअरवेलचं पाणी थेट वापरू नका.

उन्हाळ्यात काय करायचं? चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नाही.

आपल्याकडे क्लाऊनफिश जास्त दगावतात ते एप्रिल-मे महिन्यांत. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते. मासा पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवायला लागतो.

मुंबई-कोकणात टाकीच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे छोटे पंखे लावले तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. दमट हवेत ते थोडं कमी पडतं. पुण्या-नाशकाकडच्या कोरड्या हवेत पंख्याचा गुण चांगला येतो. विदर्भ-मराठवाड्यात खोलीचंच तापमान चाळिशीकडे जात असेल तर पंख्यावर विसंबून राहू नका. एक तर चिलर, नाहीतर टाकी एसीच्या खोलीत. दोन्ही शक्य नसेल तर खाऱ्या पाण्याची टाकी तिथे लावू नये असं माझं मत आहे. तिथे एकही उन्हाळा ती नीट निघत नाही.

पंखा लावला की पाणी रोज घटतं. मीठ उडून जात नाही, फक्त पाणी उडतं. म्हणून घटलेल्या पाण्याची भर गोड्या आरओ पाण्याने करा. खारं पाणी घालत राहिलात तर महिन्याभरात क्षारता वर चढते. टाकीच्या काचेवर मार्करने रेघ ओढा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत भरा.

ऐनवेळी पारा चढला तर बर्फ थेट टाकू नका. पाण्याची बाटली गोठवून ती बंद असतानाच टाकीत तरंगवा. तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका.

वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असायलाच हवा. वीज गेली की आपोआप सुरू होणारा मिळतो, तोच घ्या. दिवा आणि फिल्टर दोन-चार तास बंद राहिले तरी निभावतं, पण पृष्ठभागाची हालचाल थांबता कामा नये.

ॲनिमोनऐवजी त्यांना काय द्यावं?

मातीची कुंडी. बिनरंगाची, साधी, चार-पाच इंची. आडवी ठेवा, अर्धी वाळूत रुतवा, तोंड मध्यम प्रवाहाच्या बाजूला करा. आत ठेवण्याआधी आठवडाभर आरओ पाण्यात भिजवून पाणी बदलत राहा. तिच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर पुढे अंडीही घालतात. कुंडीला पर्याय म्हणून चकाकी नसलेली फरशी तिरकी उभी केली तरी चालते.

सिलिकॉनचे कृत्रिम ॲनिमोन मिळतात. काही जोड्या त्यात शिरून राहतात, काही बघतही नाहीत. घ्यायचाच तर मत्स्यालयासाठी बनवलेला घ्या, रंग सुटणारा नको.

जिवंत पर्यायांत टोडस्टूल नावाचं मऊ लेदर कोरल (प्रवाळ) सगळ्यात सोसणारं. जोडी दिवसभर त्यात लोळते, ते मिटून घेतं, पुन्हा उघडतं. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन या खडकाळ सांगाड्याच्या कोरलांतही क्लाऊनफिश शिरतात, पण सतत घासण्याने ही कोरलं आक्रसतात आणि लहान तुकडा असेल तर मरतात. इथे कायद्याची बाजूही आहे. आपल्या देशात खडकाळ सांगाडा बनवणारी सगळी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. समुद्रातून काढलेलं प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड कोणी ‘आपल्याकडचा आहे, स्वस्तात देतो’ म्हणाला तर घेऊ नका. सिरॅमिकचा किंवा सिमेंटमधून मत्स्यालयासाठी बनवलेला दगड वापरा, जिवाणू त्यावरही तितकेच वाढतात.

काहीच दिलं नाही तरी जोडी स्वतःच काहीतरी निवडते. कोणी हीटरच्या मागे, कोणी काच पुसायच्या चुंबकापाशी, कोणी शेवाळाच्या झुपक्यात. ती जागा एकदा ठरली की सजावट हलवू नका. वेव्हमेकरच निवडला तर मात्र त्यावर जाळीचं किंवा स्पंजचं आवरण घाला.

दोघे दिवसभर एकाच कोपऱ्यात असतात आणि रात्री पृष्ठभागाशी आडवे पडतात. आजारी आहेत का?

नाहीत. हा त्यांचा स्वभावच आहे. समुद्रातही क्लाऊनफिश आपल्या ॲनिमोनपासून फार लांब जात नाही. रात्री तिरपे होऊन, कधी पूर्ण कुशीवर, हलकेच डोलत झोपतात. सकाळी दिवा लागल्यावर झटकन सरळ होऊन खायला आले तर काळजीचं कारण नाही.

खायला काय आणि किती?

चांगल्या प्रतीचे बारीक सी-वॉटर पेलेट्स रोजचे, आठवड्यातून तीन-चारदा गोठवलेले मायसिस किंवा पोषण दिलेले आर्टेमिया (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव), अधूनमधून स्पिरुलिना असलेलं खाद्य. ते शैवालही खातात, म्हणून नुसतं मांसाहारी ठेवू नका. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मादी आधी खाते, म्हणून दाणे दोन ठिकाणी टाका.

ताजी कोळंबी धुऊन, सोलून, अगदी बारीक चिरून कधीतरी दिली तरी चालते. सुका जवळा मी देत नाही. त्यात वाळू असते आणि तो किती जुना ते कळायला मार्ग नसतो.

कोणत्या आजारांना घाबरायचं?

तीन. पहिला ब्रूकलिनेला. हा क्लाऊनफिशलाच इतका होतो की त्याला क्लाऊनफिशचा आजार म्हणतात. अंगावरून पांढरट चिकट थर साल निघाल्यासारखा सुटतो, श्वास जोरात चालतो, खाणं बंद होतं, आणि दोन-तीन दिवसांत मासा जातो. समुद्रातून पकडलेल्या माशांत जास्त दिसतो. यावर फॉर्मेलिनचा उपचार आहे, तांबं इथे उपयोगाचं नाही. फॉर्मेलिन माणसालाही घातक आहे, म्हणून जाणकाराकडून मात्रा घेऊन, वेगळ्या भांड्यात, भरपूर हवा सोडून, हातमोजे घालूनच द्या.

दुसरा पांढरे ठिपके, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही, तो परजीवी तळाशी पडून पुन्हा फुटतो. माशांवर वेगळ्या टाकीत तांब्याचा उपचार करा आणि मुख्य टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवा. मुख्य टाकीत तांबं कधीच घालू नका, कोळंब्या, गोगलगायी, कोरल सगळं मरतं.

तिसरा व्हेल्वेट. ठिपके पिठासारखे बारीक, आणि ते नीट दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

या तिन्हींवरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं. दहा-पंधरा लिटरची प्लास्टिकची टब, स्पंज फिल्टर, पीव्हीसीचा एक तुकडा लपायला, आणि रोज अमोनियाची चाचणी. जोडी असेल तर दोघांना एकत्रच वेगळं ठेवा. ताटातूट केली की पुन्हा एकत्र आणताना भांडण होऊ शकतं.

ॲनिमोन नसताना अंडी घालतात का?

घालतात. समुद्रात ॲनिमोनच्या पायथ्याशी खडक साफ करून घालतात, टाकीत कुंडी, फरशी किंवा सरळ काच. दोन-चार दिवस आधी दोघे मिळून जागा चावून चावून स्वच्छ करायला लागतात, मादीचं पोट फुगतं. मग मादी जागेवर पोट टेकवून सावकाश पुढे सरकते, मागे नारिंगी दाण्यांची ओळ उमटते, आणि नर लगेच त्यावरून जातो. काहीशे अंडी असतात. पुढचं काम नराचं. तो पंखांनी वारा घालतो, खराब झालेलं अंडं तोंडाने उचलून टाकतो. काही दिवसांनी नारिंगी दाण्यांत चंदेरी डोळे दिसायला लागतात. साधारण सात ते दहा दिवसांनी, अंधार पडल्यावर तास-दोन तासांत पिल्लं बाहेर पडतात.

पहिल्या काही खेपा जोडी स्वतःच खाऊन टाकते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घालतात.

पिल्लं वाढवायची तर आधी रोटिफर, म्हणजे पिल्लांचं खाद्य असलेले सूक्ष्म जीव, पिकवता आले पाहिजेत. पहिला आठवडा त्यांच्यावर, मग ताजे फुटलेले आर्टेमिया. दहा ते पंधरा दिवसांत अंगावर पट्टे यायला लागतात. ही तयारी नसेल तर अंडी तशीच राहू द्या.

अंडी असताना टाकीत हात घातला की मादी चावते. इजा होत नाही, दचकायला मात्र होतं.

दोघांतला एक मेला. आता?

आधी कशाने मेला ते शोधा. पाणी तपासा, राहिलेल्या माशाचं अंग आणि श्वास बघा. महिनाभर नवा मासा आणू नका.

राहिलेली मादी असो की नर, नवा जोडीदार त्याच्यापेक्षा बराच लहान, पिल्लू वयाचाच आणायचा. राहिलेला नर असेल तर तो मादी होतो. वागणं काही दिवसांत बदलतं, शरीर बदलायला आठवडे-महिने लागतात. मोठी, आधीच मादी झालेली मासोळी ‘तयार जोडीदार’ म्हणून कधीच आणू नका. दोन माद्या एका टाकीत नांदत नाहीत. नव्या पिल्लाला आधी छिद्रांच्या डब्यात ठेवून ओळख करून द्या.

जोडी कुठून घ्यावी?

हॅचरीत जन्मलेलीच मागा, आणि ती पेलेट खाते का ते दुकानात समोर खायला घालून बघा. समुद्रातून पकडलेला मासा पुष्कळदा कोरडं खाद्य ओळखत नाही. शिवाय पकडताना आणि वाहतुकीत तो आधीच खचलेला असतो.

क्लाऊनफिश भारतात पैदा करायचं तंत्र नवं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपम आणि केरळातल्या विळिंजम इथे ते बसवलं. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो यांनी शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी केली. तिथली पिल्लं किनाऱ्यावरच्या बचत गटांनी वाढवून विकावीत हा त्यामागचा हेतू. मला हा प्रयत्न मनापासून महत्त्वाचा वाटतो. ऑसेलारिस आपल्या अंदमानच्या प्रवाळांत राहतो, आणि हॅचरीतला एक मासा विकत घेतला की तिथला एक मासा जाळ्यात जायचा राहतो.

सोबत दुसरे मासे ठेवता येतील का?

फायरफिश, लहान गोबी, ब्लेनी, बांगाई कार्डिनल, क्लीनर श्रिंप. दोन फुटी टाकीत जोडीशिवाय एखाद-दुसराच मासा, आणि जोडी सगळ्यात शेवटी सोडा, म्हणजे ती सगळी टाकी आपली समजत नाही. लायनफिश, ट्रिगर, ग्रूपर अजिबात नकोत. ॲनिमोनचं संरक्षण नाही हे विसरू नका.

किती वर्षं जगतात? बदली झाली तर टाकी कशी हलवायची?

नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षं सहज, वीस वर्षांपुढे गेल्याच्या नोंदीही आहेत. तेव्हा या काळात तुमचं घर एकदा तरी बदलणार हे धरूनच जोडी आणा.

हलवायच्या आदल्या दिवसापासून खायला देऊ नका, पिशवीतलं पाणी घाण होत नाही. दोन्ही मासे वेगवेगळ्या पिशव्यांत, एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा, प्रवास लांबचा असेल तर दुकानातून प्राणवायू भरून घ्या. पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, अंधारात. फिल्टरचा माल आणि दगड टाकीतल्याच पाण्यात बुडवून न्या, ते सुकले तर जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्यापासून सायकल करावी लागते. जुनी वाळू मात्र धुऊन काढा किंवा नवी घाला, तिच्यात साठलेली घाण ढवळली गेली की अमोनिया उसळतो. निम्मं जुनं पाणी कॅनमध्ये भरून घ्या, निम्मं नवं आधीच मिसळून तयार ठेवा. नव्या जागी तापमान आणि क्षारता जुळल्याशिवाय मासे सोडू नका, आणि सोडताना दोघांना एकाच वेळी सोडा. कुंडी आधीच्या जागी होती तशीच मांडा. पुढचा आठवडाभर रोज अमोनिया तपासा, थोडा जरी दिसला तरी त्याच दिवशी पाणी बदला.